लिफ्टच्या घंटेचा सूर

टिचकीताईंना एका जागी शांत बसलेलं पाहिलंय असं कुणी सांगितलं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. बाईंच्या पायाला भिंगरी, आणि बोटांना त्याहून मोठी. चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली. गिऱ्हाइकानं कप उचलला रे उचलला, की ह्या काउंटरमागून येणार, कपाच्या कडेला नखानं टिचकी मारणार, मान कलती करून ऐकणार आणि म्हणणार, "हा नको. ह्याला चीर आहे." चीर डोळ्यांना दिसायची नाही. पण हट्टानं तोच कप घेऊन गेलेलं गिऱ्हाईक थोड्याच दिवसांत दोन तुकडे घेऊन परत यायचं आणि ताई त्याच्याकडे असं काही बघायच्या, की बिचारं पुन्हा वाद घालायच्या भानगडीत पडायचं नाही. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव नवऱ्याला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे.

तर ह्या टिचकीताईंना त्या वर्षी एक भलताच संशय आला. सगळं शहर वर चढलंय असा.

सुरुवात किटलीपासून झाली. एके सकाळी किटलीनं शिट्टी दिली आणि ताई स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. "अहो, ही किटली बदललीत का?"

नवरा बस चालवून निवृत्त झालेला. आयुष्यभर मागून भोंगे ऐकून त्यानं एक शहाणपण कमावलं होतं, घाई करायची नाही. त्यानं पेपरची घडी घातली, किटलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "अगं, हिच्या बुडाचा पोचा तूच पाडलेला आहेस. ओळख पटत नाही का?"

"शिट्टी वर गेलीय तिची. अर्धा सूर."

"मग खाली बोलवू का?" तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

पण किटलीवर भागलं नाही. दाराची बेल वर गेली. फ्रिजची घरघर वर गेली. घरामागच्या शाळेची घंटा तर इतकी बदलल्यासारखी वाटली की ताई तरातरा शाळेत गेल्या आणि नवी घंटा कुणाला विचारून बसवली म्हणून शिपायाला फैलावर घेतलं. शिपाई म्हणाला, "बाई, घंटा जुनीच आहे, मीही जुनाच आहे, तुम्ही तेवढ्या नव्यानं भांडताय." ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री अंथरुणावर पडून त्या छताकडे बघत राहायच्या. सगळीकडे अर्धाच सूर कसा? आणि वरच का?

आता एवढ्याशा गोष्टीचा एवढा घोर का, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी ताईंचं समूहगान मंडळ कसं सुरू झालं, ते सांगायला हवं.

पालिकेच्या जुन्या इमारतीत एक लिफ्ट आहे. लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी फळ्या आणि छताजवळ पितळेची घंटा. तीसेक वर्षांपूर्वी एका दुपारी ही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सात माणसं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. तरुण टिचकीताई दुकानाच्या परवान्यासाठी आल्या होत्या. शाळेत गाणं शिकवणारे एक मास्तर होते. कुलपं दुरुस्त करणारा एक धिप्पाड गडी होता. औषधाच्या दुकानवाल्याची नवी नवरी होती, पुढे तिला सगळे वहिनीच म्हणू लागले. बाकी तिघं पुढे मंडळातून गळाली, त्यांना राहू द्या.

कुलुपवाल्यानं आधी हसून घेतलं. "दार उघडायला माझ्याइतका माणूस सापडायचा नाही," म्हणाला. वहिनींच्या केसातला आकडा मागून घेतला, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, तासभर खटपट केली. दार ढिम्म हललं नाही. ह्यावरून त्याला आजतागायत चिडवतात. पण त्या वेळी कुणी हसत नव्हतं, कारण एवढा आडदांड माणूस घामानं न्हाला होता. त्यानं हातातल्या स्क्रूड्रायव्हरनं घंटेवर असा काही दणका घातला की पितळेला खोक पडली, आणि घंटा अडकून बसल्यासारखी वाजतच राहिली.

तेव्हा टिचकीताईंनी तोंड उघडलं. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी घंटेचाच सूर घेतला आणि लांबवला. मास्तरांनी चमकून पाहिलं आणि त्या सुराखाली आपला सूर लावला. वहिनींनी वरचा सूर धरला. "दार उघडेल, दार उघडेल," असे काहीतरी शब्द मास्तरांनी तिथल्या तिथे जुळवले, आणि मेकॅनिक येईपर्यंत सातही माणसं तेच गात राहिली. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "पुढच्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये या. ह्या वेळी जिन्यानं."

झालं, तिथून मंडळ सुरू झालं. पुढे माणसं वाढत गेली. मंडळाचा एकच कायदा, येणाऱ्याला परत पाठवायचं नाही. 'मला गाता येत नाही' ही सबब मास्तर ऐकूनच घ्यायचे नाहीत. न्हावी आले, परिचारिका आल्या, एक पोस्टमन तर टपाल वाटता वाटता खिडकीतून आवाज ऐकून वर आला आणि पिशवीसकट रांगेत उभा राहिला. रविवारी इस्पितळात जाऊन वॉर्डाबाहेर गायचं, वृद्धाश्रमात गायचं, नव्या बागेचं उद्घाटन असलं तर पुढाऱ्याचं भाषण लांबण्याआधी गाऊन मोकळं व्हायचं. साथीला वाद्य नाही. सगळे उभे राहिले की टिचकीताई सूर द्यायच्या, तोच लिफ्टच्या घंटेचा, तंतोतंत. कुणी एकदा सूर दाखवणारी छोटी बासरी भेट आणली होती. ताईंनी ती दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे. घरी नेऊन पोरांना द्या." ह्या एका बाबतीत बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. कुणाचा आवाज केसभर घसरला तरी अख्ख्या रांगेसमोर त्याची बिनपाण्यानं व्हायची.

आणि मंडळाचं शेवटचं गाणं ठरलेलं, लिफ्टचं. त्याचा शेवट मास्तरांनी मोठा नामी बांधला होता. वहिनी आणि वरच्या बायका चढत चढत जायच्या आणि सर्वांत वरचा सूर धरून ठेवायच्या. मग एकटा कुलुपवाला पायरी पायरीनं खाली उतरत जायचा आणि तळाशी असा काही सूर लावायचा की समोरच्या खुर्च्या थरथरायच्या. लोक त्या सुराची वाट बघत बसायचे.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र मंडळात एक नवल घडलं होतं. वरच्या बायकांचे वरचे सूर सोपे झाले होते. पूर्वी तिथे पोचताना वहिनींच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आता हसत हसत पोचायच्या. वहिनी सगळ्यांना सांगत सुटल्या, "रोज कोमट पाणी आणि नियमित रियाज! वय वाढतं तसा आवाज उमलतो." बायकांनी कोमट पाण्याचा सपाटा लावला. मास्तर ऐकायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. कुलुपवाला तर हल्ली फारसा बोलतच नव्हता.

मंडळाचा मोठा वर्धापन दिन जवळ आला. मास्तरांनी ठरवलं, ह्या वेळी काही गाण्यांना पियानो घ्यायचा. त्यांची भाची चांगलं वाजवायची. ताईंनी नाक मुरडलं, पण भाचीचा प्रश्न, म्हणून गप्प बसल्या.

पहिल्याच तालमीला घोळ झाला. ताईंनी सूर दिला, सगळ्यांनी उचलला, भाचीनं पियानोवर बोटं ठेवली आणि हॉलमध्ये जे काही ऐकू आलं, ते ऐकून पोस्टमननं कानावर हात ठेवले. मास्तरांनी हात वर करून थांबवलं.

"पियानो वर लागलाय," ताई म्हणाल्या. "अर्धा सूर. दुरुस्त करून घ्या."

"मावशी, परवाच सूर लावून घेतलाय," भाची म्हणाली. पोरगी गुणी होती, पण आजकालची. तिनं मोबाइल काढला. त्यात सूर मोजायची सोय होती. पियानोची पट्टी दाबली, काटा मधोमध. "आता तुम्ही द्या ना." ताईंनी सूर दिला. काटा डावीकडे, खालच्या सुराकडे जाऊन पडला.



"तुझा मोबाइल काल आलाय," ताई म्हणाल्या, "आणि माझा कान तीस वर्षं इथे उभा आहे." पर्स उचलली आणि निघाल्या. जिना मात्र सावकाश उतरल्या. मागून कुणीतरी येईल, म्हणेल, ताई, खुळा आहे तो मोबाइल. कुणी आलं नाही.

ते दोन दिवस घरात नुसता कल्लोळ होता. ताईंनी कपाटं उपसली, परत लावली, परत उपसली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, सुई पडली तरी ऐकाल. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण ताई आणखीच सैरभैर झाल्या. कान ठणठणीत, किटली जुनी, शाळेची घंटा जुनी. नवरा म्हणाला, "अगं, एकदा त्या लिफ्टकडे जाऊन ये की. जिथून सूर घेतलास तिथेच विचार."

ताईंच्या मनात ते केव्हाचं होतं. धीर होत नव्हता, एवढंच.

पालिकेतला लिफ्टवाला त्यांना ओळखत होता. दरवर्षी वर्धापन दिनाला सगळं मंडळ त्या लिफ्टमधून एक फेरी मारायचं, कुलुपवाला तेवढा जिन्यानं, पण घंटा वाजवायला बंदी, तक्रारी येतात म्हणून. ताई म्हणाल्या, "एकदाच वाजवा." त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि बटण दाबलं.

घंटा वाजली. अर्धा सूर वर.

"बदललीत!" ताई जवळजवळ ओरडल्या. "ही ती नाही. तुम्ही बदललीत आणि कुणाला सांगितलं नाहीत!"

लिफ्टवाल्यानं स्टूल ओढलं. "चढा. स्वतःच बघा." ताई चढल्या. घंटेच्या स्क्रूंवर रंगाचे थर बसले होते, तपकिरी, त्यावर हिरवा, त्यावर राखाडी. एकाही स्क्रूची खाच कुणी मोकळी केलेली नव्हती. आणि घंटेच्या कडेला ती खोक होती, कुलुपवाल्यानं पाडलेली. ताईंनी तिच्यात बोट घातलं.

स्टुलावर उभ्या उभ्याच त्यांना सगळं उमगलं. शहर कुठे वर चढलं नव्हतं. त्यांचाच कान हळूहळू, नकळत सरकला होता. जे आहे ते त्यांना अर्धा सूर वर ऐकू येत होतं, म्हणून बरोबर वाटेल असा सूर द्यायला त्या अर्धा सूर खाली जात होत्या, आणि सगळं मंडळ त्यांच्यामागे मुकाट खाली उतरत होतं. वहिनींचा आवाज उमलला नव्हता. सूर खाली आला होता.

आणि वरच्या बायकांना सोपं झालं, तर तळाशी उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं असेल? ताई स्टुलावरून उतरल्या त्या थेट कुलुपवाल्याच्या दुकानात.

दुकान म्हणजे भिंतीतलं एक फडताळच. वरपासून खालपर्यंत किल्ल्या लटकलेल्या. दार मात्र सताड उघडं, भर थंडीतही. आतला धिप्पाड माणूस आता पिकला होता. किल्ली कानशीवर घासत होता. ताईंना बघून त्यानं हात थांबवला.

"खरं सांगायचं," ताई दारातूनच म्हणाल्या. "शेवटचा सूर लागतो का तुम्हाला?"

तो किल्लीवरचा भुगा फुंकत बसला.

"मी विचारतेय."

"नाही लागत, ताई."

"कधीपासून?"

"झाली की दोनेक वर्षं. तेवढं खाली माझ्यात नाहीच. मी नुसतं तोंड उघडतो. बाकीचे घुमवत असतात, लोकांना वाटतं लागला."

ताई दारातून आत आल्या. "मास्तरांना माहीत आहे?"

"आहे. खालच्या आवाजांना सगळ्यांनाच माहीत आहे."

"आणि सगळे मूग गिळून बसलात? मी केसभर चूक झाली तर पोस्टमनला चारचौघांत झोडपते, आणि माझी एवढी मोठी चूक कुणाला सांगाविशी वाटली नाही? घाबरता मला?"

"बाकीचे घाबरतात," कुलुपवाला म्हणाला. "माझं वेगळं आहे." त्यानं कानस खाली ठेवली. "त्या दिवशी लिफ्टमध्ये मी दणका घातला ना घंटेवर, तो रागानं नव्हता घातला. मला बंद जागा सोसत नाही. लहानपणापासून. पुढचा दणका मी दारावर डोक्यानंच घालणार होतो, ताई. तेवढ्यात तुम्ही सूर लावलात. मी त्या सुराला धरून उभा राहिलो. आता त्या सुरापायी माझा एक सूर गेला तर गेला. त्याची कसली तक्रार करायची?"

ताईंना रडू फुटलं. दुकानात किल्ली करायला आलेला माणूस बावरून परत गेला. ताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मूर्ख आहात तुम्ही. सगळेच्या सगळे." आणि निघून गेल्या.

तिथून ताई मास्तरांच्या घरी गेल्या. दार उघडताच मास्तरांना सगळं कळलं. "बसा ताई," म्हणाले, पण ताई बसल्या नाहीत, खोलीभर येरझाऱ्या घालत राहिल्या. मास्तर म्हणाले, असे नेमके कान असणाऱ्या पुष्कळांचं वयानं असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. परवा शेवटच्या गाण्यालाही पियानोचा सूर घेऊ, कुणाला काही कळायचं नाही.

"सूर मी खाली नेला, मीच वर आणणार," ताई म्हणाल्या. "हे एक गाणं माझं. त्यानंतर तुमच्या भाचीला द्या, मोबाइलला द्या, कुणालाही द्या."

"आणि नाही जमलं तर? सवयीनं परत खालचाच आला तर?"

तीच भीती ताईंना कुरतडत होती. दोन वर्षांचा खालचा सूर घशात मुरलेला, तोंड उघडलं की तोच येणार. बरोबर सूर द्यायचा म्हणजे डोकं ओरडून 'चूक, चूक' म्हणत असताना द्यायचा. आणि कुलुपवाल्याला पुन्हा एकदा नुसतं तोंड उघडायला लावलं, तर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं?

कार्यक्रम संध्याकाळी होता. मंडळी पियानोबरोबरची गाणी गात असतील तेवढ्यात ताईंनी लिफ्टकडे जायचं आणि शेवटच्या गाण्याला हजर व्हायचं, असं ठरलं. पालिकेला सुट्टी, पण लिफ्टवाल्यानं कुलूप काढून ठेवलं होतं. त्यानं बटण दाबलं. ताईंनी डोळे मिटून घंटा ऐकली, सूर गुणगुणत घेतला, ओठ बंद केले आणि तो तसाच नाकातून घुमवत बाहेर पडल्या. तोंडात पाण्याची चूळ धरून चालावं तशा.

हॉल दोन गल्ल्या पलीकडे होता. पण त्या दोन गल्ल्यांत काय नव्हतं? रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, एका दुकानात लावलेला रेडिओ. प्रत्येक आवाज ताईंच्या सुराला धक्का मारत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं स्वतःचंच डोकं, दर चार पावलांवर सूर खाली ओढायचं. ताई त्याला परत वर धरायच्या. नवरा शेजारून चालत होता. दुकानातलं एक जुनं गिऱ्हाईक समोर आलं, "काय टिचकीताई, आज..." नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. मध्ये उडीच घेतली. "बोलू नका! तिच्या तोंडात सूर आहे!" गिऱ्हाईक भिंतीला चिकटून उभं राहिलं. पुढे नवऱ्यानं बस हाकावी तसे दोन्ही हात पसरून रस्ता मोकळा केला, आणि ताई घुमत, घामानं थबथबत जिना चढल्या.

मंचावर सगळे वाट बघत होते. ताई आपल्या जागी उभ्या राहिल्या. हॉलमध्ये शांतता झाली, आणि त्या शांततेत सूर निसटायला लागला. त्यांना जाणवलं, तो खाली, घरी निघालाय. तो खालचा सूर इतका बरोबर वाटत होता! ताईंनी मागे नजर टाकली. शेवटच्या रांगेत कुलुपवाला खाली मान घालून उभा होता, तोंड उघडायच्या तयारीत.

ताईंनी सूर दिला. त्यांच्या कानाला धडधडीत खोटा वाटणारा.

वहिनींनी दचकून पाहिलं, डोळे बटाट्याएवढे झाले. पण मास्तरांचा हात खाली आला आणि गाणं सुरू झालं. ताईंना काहीच ओळखीचं लागेना. स्वतःच्या घरात कुणी सगळं सामान वीतभर सरकवून ठेवावं आणि आपण जाऊ तिथे ठेचकाळावं, असं चाललं होतं. वरच्या बायका चढायला लागल्या. वहिनींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, सूर चिरकला, पण पोचला. कोमट पाण्याचा फुगा तिथेच फुटला. मग कुलुपवाला एकटा उतरू लागला. एक पायरी, दुसरी. त्याचा चेहरा बदलला. त्याला कळलं होतं. तळाशी पोचून त्यानं दोन वर्षं गिळलेला सूर सोडला, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या थरथरल्या.

आता सगळ्यांनी मिळून शेवटचा सूर धरायचा होता. ताईंच्या कानात धरायला काही उरलं नव्हतं. आतून एकच आवाज येत होता, चूक, चूक. त्यांनी तो ऐकायचा सोडून दिला. मागून येणाऱ्या कुलुपवाल्याच्या सुराला त्यांनी धरलं, त्याच्यावर आपला सूर टेकवला आणि गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, अगदी शांत.